रंगूने पंचांपुढे ठेवलेला कोरा चहा

एकोणीसशे एकोणचाळीस साली म्हसा गावच्या जत्रेत तंबूतला बोलपट आला होता. दारुडा नवरा, सोसणारी बायको. शेवटी बायको त्याच्या पायांवर डोकं ठेवून मरते आणि त्याची दारू सुटते. तंबूतल्या बायका तोंडात पदर कोंबून रडत होत्या. शेणव्याजवळच्या वाडीतली रंगू मात्र ताडकन उभी राहिली.

"ही मेली तवा तो सुदारला. हिला काय उपेग त्याचा?"

"खाली बस गो बाय, पडदा दिसत नाय," मागून कुणी म्हणालं.

"मला दिसला तेवढा पुरे." शेजारीण हौशीला हाताला धरून तिने ओढतच बाहेर आणलं. घरापर्यंतची वाट ती अशी चालली की हौशीला धाप लागली. रंगूच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: आपण मरायचं नाय.

नवरा लखमा शुद्धीत असला की सोन्यासारखा. गवत कापायला त्याच्या हाताची बरोबरी कुणाला जमत नसे. पण मोहाची दारू पोटात गेली की तोच हात रंगूवर चाले. आषाढात त्याने तिचं मनगट मोडलं होतं, ते वाकडंच जुळलं.

सुटायला काडीमोड होती. पण वाडीचा रिवाज मोठा बेरकी. ज्याला काडीमोड हवी त्याने पंचांपुढे दारूचं मडकं ठेवायचं. मडकं ठेवलं की मागणी झाली. पंच गवताची काडी मोडणार आणि मागणी करणारा अंगावरच्या कपड्यानिशी घर सोडणार. मन बदललं, तर काडी मोडायच्या आत मडकं न उघडता परत उचलायचं. आणि रंगूची झोपडी तर तिने स्वतः उभी केलेली. उंबरमाळीच्या रानातून कारवी डोक्यावर आणून कूड तिनेच घातला, तिनेच लिंपला. ते घर टाकून जायला तिचा जीव धजत नव्हता.

तरी तिने चौथ्या दिवशी सकाळीच पंच बोलावले. पाच म्हातारे अंगणात बसले. रंगूने त्यांच्यापुढे गुळाच्या कोऱ्या चहाची किटली ठेवली.

पंचांचा म्होरक्या येसूबाबा किटलीकडे बघतच राहिला. "हे काय गो? कुनाला ताप आलाय?"

"दारूपायी मी मार खाते बाबा. त्याचा न्याव दारू पिऊन नाय करायचा. माजी मागनी हाये, पन मडकं मी ठेवनार नाय."

"मडक्याबिगर मागनी नाय," येसूबाबा चिडून उठायला लागला. बाकीचेही धोतर झटकू लागले.

लखमा हसत पुढे झाला. बायकोची फजिती आणि आपला मोठेपणा, दोन्ही त्याला एकदम साधायचं होतं. झोपडीत जाऊन त्याने पानाने तोंड बांधलेलं मडकं आणलं आणि पंचांपुढे ठेवलं. "बसा बाबा. ही भिकारी असंल, मी नाय."

रंगू झटकन पुढे आली.

"थांबा. हात लावू नका कुनी," ती म्हणाली. "बाबा, मडकं कुनी ठेवलं?"

येसूबाबाने मडक्याकडे पाहिलं, मग लखमाकडे. त्याच्या मिशा हलल्या. "लखमानं."

"मंग मागनी कुनाची? घर कोन सोडनार?"

कुडाआडून हौशी खुदकन हसली. लखमाचं तोंड उतरलं. "मी काय काडीमोड मागितली नाय, बाबा."

"मंग उचल मडकं," येसूबाबा म्हणाला. "पान सुटायच्या आत घरात ठेव. मागनी गेली, बायको तुजी."

लखमाने मडकं उचललं. दार दहा पावलांवर होतं. वाकड्या मनगटाच्या हाताने रंगूने अंगणातला खांब घट्ट धरला. सहा पावलं तो सरळ चालला. सातव्याला थबकला. पानातून येणारा मोहाचा वास पंचांपर्यंत दरवळत होता. त्याने एकदा रंगूकडे पाहिलं, खरंच पाहिलं, आणि नजर खाली घेतली. मग अंगठ्याने पान बाजूला सारून त्याने मडकं तोंडाला लावलं.

येसूबाबाने काडी मोडली.

लखमा गेला तो मडकं काखेत घेऊनच, धसईच्या वाटेने. रंगूने तो दिसेनासा होईपर्यंत पाहिलं, डोळे पुसले आणि पंचांकडे वळली.

"चा निवतोय," ती म्हणाली. पंचांनी मुकाट्याने कप उचलले.