शेपटीखालचा हूक

तर्जनी वाकडी करून मामा ती टेबलावरून खरवडत न्यायचे आणि म्हणायचे, "जहाजावर उतरताना विमान असं दोरात अडकाय पायजे. न्हायतर फुडं समुद्र हायच की!"

नौदलातून परतलेल्या त्या मेकॅनिकला उद्यमनगरात सगळे मामा म्हणायचे. माझ्या फौंड्रीत ते ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न करत. चहा आला की विमानवाहू जहाजावरच्या पहिल्या जेट विमानांची गोष्ट निघे. इंजिनाचा झोत शेपटीऐवजी दोन्ही बगलांतून काढला, म्हणून मागं इंधनाला जागा झाली. पंख दुमडते केले. "आन् शेपटीखालचा हूक आदी आखूड केलता. डेकवरचा दोर घावंना. मग कंपनीवाले चुकलं म्हटले, लांब केला. चुकलं म्हणाय काय जातंय, मालक?"

हे ते उगाच विचारत नसत. तसल्याच एका विमानाच्या हुकाला गेलेला तडा त्यांनी नौदलातल्या आपल्या साहेबांना दाखवला होता. साहेब म्हणाले, उडू दे. उतरताना हूक तुटला, विमान समुद्रात गेलं. वैमानिक लेफ्टनंट थॉमस सापडलेच नाहीत. चौकशीत साहेबांनी कानांवर हात ठेवले आणि नोकरी गेली मामांची.

नव्वदच्या दशकाअखेरीस तसलंच जुनं विमान आमच्या शहरातल्या सार्वजनिक बागेत ठेवायला आलं. त्याचा हूक गायब होता. उद्घाटनाला येणार होते तेच साहेब, आता निवृत्त.

मामांनी हुकाचा पॅटर्न केला. त्यावरची उठावाची अक्षरं बघून मी थबकलो.

"रंगानं लिवलं तर कोनबी पुसंल. वतून द्या, मालक."

मी ओतून दिला.

फीत कापण्याऐवजी खिट्टी ओढून हूक सोडायचा, ही युक्तीही त्यांचीच. साहेबांनी खिट्टी ओढली. हूक खाडकन खाली आला. मामांनी माइक पुढं केला.

"वाचा की, साहेब."

"लेफ्टनंट... थॉमस."

साहेबांचं बोट हुकावरून सरकत, त्या बुडालेल्या विमानाच्या हुकाला जिथं तडा होता, बरोबर तिथंच थांबलं. "दाखवला होतास तू," ते पुटपुटले. "चुकलं."

"माइकात, साहेब."

साहेब माइकात म्हणाले. मग ते हुकालाच धरून वाकले. मामांनीच खुर्ची सरकवली. "पानी द्या रं कुनीतरी."

त्या म्हाताऱ्याची मला दया यायला हवी होती. आली नाही, मी टाळी वाजवली. अजूनही दया येत नाही, आणि तीच टोचणी आहे.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्ही त्या बागेत गेलात तर शेपटीखाली बघा. हूक पुन्हा कोणी वर चढवला नाही. रंगाचे किती थर बसले, तरी अक्षरं वर येतातच. मी तर्जनी वाकडी करून त्यात अडकवतो आणि थोडा वेळ तसाच उभा राहतो.