पडदेवाल्या आजींची शिष्यवृत्ती

"जगातल्या सगळ्या पोरी तुम्हाला आपल्या, आणि घरची तेवढी परकी!" सुनेने पातेलं ओट्यावर आपटलं.

"भांड्यांवर कशाला राग काढतेस? मी इथे बसलेय की," आजी म्हणाल्या.

सकाळपासून हेच चाललं होतं. मुलाची नोकरी सुटलेली, नातीला कॉलेजात प्रवेश मिळालेला, आणि तिने आजींच्याच शिष्यवृत्तीसाठी अर्ज भरलेला. शिष्यवृत्ती वर्षाला एकच. यंदा दुसरा अर्ज होता पंक्चरवाल्याच्या मुलीचा.

गावभर त्यांना पडदेवाल्या आजी म्हणत. त्यांच्या समाजाची इथे मूठभर घरं. तरुणपणी कॉलेजात नाव लागलं, पण फी भरायला कुणी पुढे आलं नाही. मुकाट्याने शिलाई मशीनवर बसल्या. पडदे शिवता शिवता स्वतःचं दुकान झालं, दुकानावर मजला चढला. त्या मजल्याचं भाडं त्यांनी कायमचं कॉलेजच्या नावे करून टाकलं, आपल्या समाजातल्या मुलामुलींच्या शिक्षणासाठी. फोटो नाही, हारतुरे नाहीत, एवढीच अट.

पहिल्या वर्षी एकही अर्ज आला नाही. फुकट देतायत म्हणजे उद्या काहीतरी मागतील, असं लोकांना वाटलं. मग आजी टेप घेऊन घरोघरी निघाल्या. खिडकीचं माप घ्यायचं, कापड दाखवायचं, आणि शाळा संपवून घरी बसलेली मुलगी दिसली की खिडकी सोडून तिच्याबद्दलच बोलायचं. एका बापाने तर पिच्छा सुटावा म्हणून मुलीला कॉलेजात घातलं, आणि लाजेकाजेस्तव पडदेही शिवून घेतले. त्या मुलींपैकी आज कुणी नर्स होती, कुणी वकील. रस्त्यात भेटून त्या आभार मानायला लागल्या, की आजींना नेमकी घाई असायची.

नात आतून आली. "आजी, मी काही भीक मागत नाहीये. मीही आपल्याच समाजातली ना? बाबांची नोकरी गेलीये. मग माझा हक्क नाही?"

आजींनी तिला जवळ बसवलं. पोरगी खरं बोलत होती.

"आहे हक्क," त्या म्हणाल्या. "पण निवड करणारे सगळे माझ्या हातचा चहा पिऊन गेलेले. तुझं नाव दिसलं की त्या दुसरीचा अर्ज उघडायचेसुद्धा नाहीत."

"त्यात माझी काय चूक?"

"काहीच नाही गं. म्हणून तर घास उतरत नाहीये."

मुलगा मध्येच म्हणाला, "आई, ते सगळं ठीक आहे. पण फीचं काय? हवेवर शिकायचं का तिने?"

आजी उठून बैठकीच्या खोलीत गेल्या. खिडकीतून उजेड कुठवर येतो ते पाहिलं, नव्या सोफ्याभोवती एक चक्कर मारली. त्या सोफ्यावर सुनेचा भारी जीव. परत येऊन त्या दारातच उभ्या राहिल्या.

"अर्ज उद्या मागे घे. खालचं दुकानही मी भाड्याने देतेय, त्यातून तुझी फी भागेल. माझी मशीन बैठकीत येईल. सोफा विकून टाका."