रिकाम्या शाळेतली दुपारची झोप

पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन. तोउनान गावातल्या प्राथमिक शाळेत हिशेबनीस म्हणून इतकी वर्षं गेली, पण गजबजलेल्या वर्षांपेक्षा मला साथीचा तो रिकामा उन्हाळाच जास्त आठवतो. त्याला कारण युनजेन च्यू.

ती शिकाऊ शिक्षिका म्हणून आली आणि थोड्याच दिवसांत मुलं घरी बसली. तिच्या खोलीवर नेट धड चालत नसे. म्हणून ती शाळेत येऊन माझ्या शेजारच्या चौथीच्या वर्गात लॅपटॉप मांडून बसे. ओसाड व्हरांड्यात तेवढाच एक आवाज.

"काका, भिंतीला शिकवतेय असं वाटतं," डबा खाताना ती एकदा म्हणाली. "सगळ्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका. पण ठिपक्यामागे पोरं आहेत की त्यांची मांजरं, काय कळणार? यापेक्षा मामाच्या दुकानात ऑम्लेटं भाजलेली बरी. गिऱ्हाईक निदान तिखट जास्त घाल म्हणतं."

"मग जा की! पण आधी लियाओबाईंसमोरचा पाठ उरक."

लियाओबाई तिच्या मार्गदर्शक. तिला वर्ग सांभाळता येतो की नाही, हे त्या घरून पाठ बघून ठरवणार होत्या. आमच्याकडे शाळेत जेवणानंतर मुलं टेबलावर डोकं टेकून झोपतात; पाठ नेमका त्या झोपेनंतरचा. मुलं पांगू नयेत म्हणून त्या दिवशी तिनं सगळ्यांना कॅमेरे चालू ठेवून टेबलावर डोकी टेकायला लावली.

"मी सांगेपर्यंत कुणी मान वर करायची नाही!"

असं म्हणून तिनंही डोकं टेकलं. पहाटेपासून तयारी करून दमली होती बिचारी.

घंटा झाली, तरी शेजारून आवाज येईना. मी डोकावलो. बाई गाढ झोपलेल्या. पडद्यावर चौकटीचौकटीत काळी डोकी, आणि एका चौकटीत चष्मा लावून ताठ बसलेल्या लियाओबाई. मी तिचा खांदा हलवला.

ती दचकून उठली. लियाओबाईंना पाहून चेहरा पांढराफटक. "बाई, माफ करा... पेइरोंग! वर्गप्रमुख ना तू? मला उठवलं का नाहीस?"

टेबलावरचं डोकं जराही न हलवता पेइरोंग म्हणाली, "बाई, तुम्ही अजून सांगितलंच नाही ना!"

"माझी मान अवघडली हो बाई," दुसऱ्या चौकटीतून कुणीतरी कण्हलं.

"मी आल्यापासून एकही डोकं हललेलं नाही," लियाओबाई म्हणाल्या. "माझ्या वर्गात, माझ्या देखत, निम्मी पोरं चुळबुळत असतात. इथे तर बाईच झोपल्यात! वर्ग सांभाळता येतो, ते मी बघितलं. आता शिकवणं बघू द्या."

"उठा," युनजेन हळूच म्हणाली.

सगळी डोकी वर आली. गालांवर बाह्यांचे वळ, डोळे चोळणं, जांभया. ती एकेका चेहऱ्याकडे बघत राहिली. मग घसा साफ करून तिनं अपूर्णांक सुरू केले, आणि मी माझ्या खोलीत परतलो. दार मात्र उघडंच ठेवलं.