जरा भिजलेलं रान

"रान हाय की. जरा भिजलंय, एवढंच." कुणीही शेतीची चौकशी केली की आबा हेच सांगत आणि मिशीवरून हात फिरवत. जरा म्हणजे किती, तर ते रान उजनीच्या धरणात बुडून कितीतरी वर्षं लोटली होती.

धरणामुळे उठलेली डाळजकडची काही घरं आमच्या वरकुट्याला येऊन राहिली होती. मी तिथल्या दूध संकलन केंद्रावर माप घेत असे. आबांच्या दारात दोन गाई होत्या, आणि वाट्याला आलेली नवी जमीन अशी की तिच्यात कुसळंसुद्धा विचार करून उगवत. शेजारचे तात्या म्हणजे बुडालेल्या गावातलेही शेजारी. बांध कोरल्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं. पुढे बांध पाण्याखाली गेला, अबोला तेवढा कोरडा राहिला.

नव्वद सालानंतर पावसाचा भरवसा उरला नव्हता. एका वर्षी तर तो फिरकलाच नाही. चारा संपला, माझे कॅन रिकामे राहू लागले. लोक जनावरं विकून लोणी देवकरला कारखान्यात काम शोधायची भाषा करू लागले. तात्यांनीही बोचकं बांधून ठेवलं.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरलं आणि गाळ उघडा पडला. आबांनी चिखलात अनवाणी पायांनी चाचपत आपल्या विहिरीचा दगडी काठ शोधला. तिथून काठीनं बांधाची रेघ ओढली आणि अलीकडे वैरणीसाठी मका टोकला.

"आबा, पलीकडचं बी पेरा की. कोण बघतंय?" मी म्हणालो.

"ते तात्याचं हाय. बांध म्हंजी बांध."

हे तात्यांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी तेही बी घेऊन हजर. दोघं म्हातारे एकमेकांकडे पाठ करून पेरत होते, आणि मला हसू आवरत नव्हतं.

मका डोक्याएवढा झाला आणि पाणी चढू लागलं. आमचं आभाळ ठणठणीत, पाऊस पडला तो वर मावळात. तात्यांची बाजू सखल, पाणी आधी तिथं शिरलं. तात्या काठावर मटकन बसले. आबा रेघ ओलांडून सरळ त्यांच्या मक्यात घुसले.

"ऊठ तात्या, इळा घे. एकदा गाव सोडलं ते बास झालं."

इतक्या वर्षांनी तात्या पहिल्यांदा बोलले, "आरं, तुझं भिजंल की."

"माज्या रानाला सवय हाय."

मग सगळी वस्ती विळे घेऊन धावली. मीही गुडघाभर पाण्यात उतरलो. संध्याकाळी हिरव्यागार वैरणीच्या बैलगाड्या वरकुट्यात शिरल्या तेव्हा गोठ्यागोठ्यांतून गाई हंबरत होत्या. आम्ही जिंकलो होतो. मला तर गाडीवर उभं राहून नाचावंसं वाटलं. तात्यांनी बोचकं सोडलं, आणि वस्तीतलं एकही जनावर बाजारात गेलं नाही.

पुढे काही वर्षांनी आबा गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात गाळ उघडा पडला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो. तात्या एकटेच होते. त्यांनी काठीनं बांधाची रेघ ओढली आणि पलीकडे जाऊन मका टोकायला लागले.

"तात्या, ही तर आबांची बाजू," मी म्हणालो.

"व्हय," मान वर न करता ते म्हणाले, "आदी त्येचं. मग माजं."