फाटकापर्यंत गेलेला अध्यक्ष

आमच्या फुटबॉल क्लबात अध्यक्षाची निवडणूक कधी झालीच नाही. दरवर्षी सभा व्हायची आणि सभेत अध्यक्षाने रुसायचं, एवढाच रिवाज होता. पहिले अध्यक्ष रेल्वेत गार्ड होते. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या पोरांना खेळाचा नाद त्यांनीच लावला. संघनिवडीवर कुणी बोट ठेवलं की ते टोपी उचलायचे, "सांभाळा तुमचा क्लब" म्हणायचे आणि मैदानाच्या फाटकाकडे चालू लागायचे. मग खेळाडू धावत जाऊन हात धरून त्यांना परत आणायचे. ते खुर्चीत बसले की मगच चहा वाटला जायचा. फाटकापासून परत आणलेला माणूस पुढच्या सभेपर्यंत अध्यक्ष. त्यांच्यानंतरचे वकीलसाहेब तर चपला खुर्चीखाली ठेवूनच रुसायचे. परत यायचंच आहे, तर घालायच्या कशाला?

तिसरा मी. हा रिवाज मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. गोल बाजारात हातगाडीवर भांडी विकत मी मोठा झालो, आता तिथेच दुकान आहे. गिऱ्हाईक पायरी उतरलं की त्याला हाक मारायची आणि ठोक व्यापाऱ्याकडे गेलो की आपण पायरी उतरायची. तो हाक मारतोच. माझा सगळा धंदा त्या पायरीवर उभा राहिला.

क्लब व्यावसायिक झाला तो माझ्या काळात. हे मुद्दाम लिहितो, कारण आता क्लबवर जी फिल्म बनवली आहे तिच्यात तसं म्हटलेलं नाही. करारावर खेळाडू आणले ते मी. अभनपूरचा आमचा सेंटर फॉरवर्ड मी त्याच्या घरी धानाच्या पोत्यांवर बसून ठरवला. दुसऱ्या शहराचा क्लब त्याला जास्त पगार देत होता. मी पगार वाढवला नाही. रविवारी पोरगा घरी जेवायला येईल, एवढं कबूल केलं. त्याच्या आईने बापाला बोलूच दिलं नाही.

पण लीगच्या अटी वाढत गेल्या. क्लबची कंपनी करा, परवानाधारक प्रशिक्षक ठेवा, डॉक्टर ठेवा. दुकानदारांच्या वर्गणीत ते बसेना. म्हणून शहराच्या टोकाला भनपुरीतल्या एका सळईवाल्या कारखानदाराला भागीदार घेतलं. त्याच्याशी मी घासाघीस करून क्लबचं नाव राखलं, जर्सीचा रंग राखला, स्वतःची खुर्ची राखली. मैदान तेवढं तोंडी राहिलं. तो हसून म्हणाला, "मैदान कहाँ भागा जा रहा है, भाऊ?"

पुढे त्याने सगळा कारभार मुलीच्या हातात दिला. मुलगी शिकलेली, हुशार. मी तिच्यावर ओरडलो तरी ती "जी, अंकल" म्हणायची. बापाशी भांडता यायचं, कारण तोही शिव्या द्यायचा. हिच्याशी भांडायचं म्हणजे पाण्यावर काठी मारायची.

त्या वर्षीच्या सभेत तिने सांगितलं, सराव आता भनपुरीच्या नव्या टर्फवर होईल. मोठ्या संघाचा आणि पोरांच्या संघाचाही.

माझा आवाज चढला. "मोठ्यांना न्या. पण पाऱ्यातली लहान पोट्टी ट्रकांच्या गर्दीतून तिकडे जातील कशी? त्यांचा संघ इथेच राहील."

"अंकल, सब एक ही जगह होना चाहिए. लाइसेंस की शर्त है."

"शर्त मी बोलून बदलवून आणतो."

"वो बदलती नहीं, अंकल."

न बदलणारी अट मी आयुष्यात पाहिलेली नव्हती. मी चपला घातल्या, "सांभाळा तुमचा क्लब" म्हणालो आणि निघालो.

फाटकाशी माझी स्कूटर होती. मी सीट पुसू लागलो. मला परत न्यायला दरवर्षी सगळ्यांत आधी आमचा जुना गोलकीपर यायचा. रेल्वेतून निवृत्त झालेला, आता कंपनीच्या पगारावर संघाचा व्यवस्थापक. सीट पुसून झाली, मग आरसे पुसले. आरशात सभेच्या खोलीचं दार दिसत होतं. ते उघडलं. मी पटकन मान वळवली.

आला तो कँटीनवाला. हातात कागदी कप.

"दीदी ने भिजवाया है."

चहा फाटकाबाहेर आला. तेवढ्यात आत टाळ्या वाजल्या. मग ती स्वतः आली, हात जोडून.

"अंकल, आपका फ़ैसला हमने भारी मन से मान लिया. आपके लिए विदाई मैच रखेंगे."

"कौन सा फ़ैसला?" मी म्हणालो.

तिला तो माझा मोठेपणा वाटला. ती वाकली आणि माझ्या पाया पडली. बाजारात माझ्यासमोर माणसांनी दात ओठ खाल्ले, तराजू आपटले, माल उचलून नेला. सगळ्यांना माझ्याकडे उत्तर होतं. पाया पडणाऱ्या पोरीला काय उत्तर देणार? एका हातात कप होता. दुसरा आपोआप तिच्या डोक्यावर गेला. तिथेच सौदा संपला.

गोलकीपरला मी दुसऱ्या दिवशी गाठलं.

"काहून उठला नाहीस बे?"

"उठून राहिलो होतो, दादा. त्या म्हणाल्या, उनको अकेला रहने दो, उनका मान रखो. आता मान ठेवू नका म्हणू का मी?"

"त्यांना रिवाज सांगायचा होता."

"सांगतलं ना. त्या म्हणाल्या, कितना प्यारा रिवाज है." तो खाली बघत राहिला. "लेकीचं लग्न हाय, दादा. मले जास्त बोलता येत नाही."

वकीलसाहेबांकडे गेलो. म्हातारे झालेत, पण डोकं शाबूत आहे. मी म्हणालो, तो राजीनामा नव्हता, साऱ्या पाऱ्याला माहीत आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "साऱ्यांसमोर बोललास. परत बोलवायलाच पाहिजे असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?" आणि मग हळूच, "चपला कशाला घातल्या?"

मी अजूनही म्हणतो, तो राजीनामा नव्हता.

निरोपाची शाल मिळाली, ती नव्या टर्फवर. गोलपोस्ट तिकडे गेले. फाटकाशी बस येते, ती मोठ्या खेळाडूंपुरती. सुरुवातीला लहान पोरांनाही नेत होते. आता त्यांच्या आयांनी सोडायचं आणि आणायचं, असा नियम आहे. ज्या आया कामावर जातात त्यांची पोरं घरीच बसली.

परवा दुकानात एक बाई आली. घरकामं करते. पातेलं हातात घेऊन तिने भाव काही विचारलाच नाही.

"अध्यक्षसाहेब, माह्या पोट्ट्याले बसमध्ये जागा करून द्या ना. तुम्ही बोलले तं होते."

मी अध्यक्ष राहिलो नाही, हे तिला ठाऊकच नव्हतं. पाऱ्यात बऱ्याच जणांना ठाऊक नाही. मी रुसून फाटकापर्यंत गेलो, एवढंच त्यांच्या कानावर आलं. पुढचं ते नेहमीसारखं धरून चालले.

"हव, बोलतो," मी म्हणालो आणि पातेलं तराजूत ठेवलं.