सुलभामावशीचं मौनव्रत

न्यूझीलंडमधल्या रोटोटुनाच्या मराठी मंडळात बातमी पसरली, सुलभामावशीने चीनच्या वाळवंटातल्या बौद्ध लेण्यांत मौनव्रत घेतलं! व्रत कसलं डोंबलाचं? ती भाची ऋग्वेदाशी लागलेली पैज होती.

मावशी हॉस्पिटलात फार्मसिस्ट. कुणाला गोळी दिली, की चार सूचना दिल्याशिवाय तिला राहवत नसे, आणि त्याचीच ऋग्वेदा हुबेहूब नक्कल करी. "लेण्यांत गप्प राहिलीस, तर दिवाळीच्या कार्यक्रमात तुझी नक्कल बंद. तूच माझी कर, स्वीट ॲज!" ऋग्वेदा म्हणाली होती. 'चालेल, मस्त!' म्हणायची ही तिची नेहमीची किवी तऱ्हा.

ऋग्वेदाबरोबर उंटावरून वाळूच्या टेकड्या बघताना मावशीची टकळी चालूच होती. लेण्यात शिरल्यावर मात्र ती चूप. रंगवलेल्या बुद्धासमोर गाइडला खोकल्याची उबळ आली. मावशीने पर्समधली खोकल्याची गोळी त्याच्या हातावर ठेवली. आता बोलणार! पण मावशी हूं की चूं करेना. शेवटी ऋग्वेदालाच राहवेना. "चघळा हां, चावू नका!" ती थेट मावशीच्या आवाजात ओरडली.

मावशीने फक्त ओठांवर बोट ठेवलं.

दिवाळीला मावशी ऋग्वेदासारख्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत स्टेजवर आली. "तूच माझी कर, स्वीट ॲज!" आवाज हुबेहूब ऋग्वेदाचा होता.