हुडावरचं कॅरियर

सावली गावात गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर श्रीहरी भोयरचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्याच्या बरोबर समोर माझं पंक्चरचं. वीस वर्षं झाली, मी टायर खोलतो आणि श्रीहरीचं बोलणं ऐकतो. दोन्हीकडे हवाच जास्त.

श्रीहरी चोपन्न वर्षांचा. तरुणपणी तो बल्लारपूरला गाड्यांच्या बॉडी बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये होता. किती वर्षं, ते ऐकणाऱ्यावर ठरतं. नव्या गिऱ्हाइकाला तो पंधरा सांगतो, ओळखीच्याला दहा. त्याची बायको कमला एकदा माझ्या बायकोला म्हणाली, अडीच. आणि तीही दुसऱ्याच्या हातात रॉड देण्यात गेली. तिथून येताना त्यानं एक जुनं वेल्डिंग मशीन आणलं, आणि वैनगंगेच्या या अंगाला लोखंड कळणारा आपल्याशिवाय कोणी नाही ही खात्री आणली. मशीन दोनदा बदललं. खात्री तीच आहे.

हात वाईट नव्हता, हे कबूल करतो. ग्रिल, दारं, ट्रॉलीचे फाळके सरळ व्हायचे. पण गिऱ्हाइकानं तोंड उघडलं की याचं डोकं फिरायचं. कोणी खिडकी जरा मोठी मागितली तर म्हणायचा, "काऊन, घरात बसून वाघ पाहाचा हाये का?" दार उजवीकडे उघडायला हवं असेल तर डावीकडे उघडणारं करायचा आणि वर सांगायचा, घरच उलटं बांधलंय तुझं. म्हणून त्याच्या हाताखाली कोणी वर्षभर टिकलं नाही.

गेल्या फाल्गुनात त्याच्याकडे ललिता मडावी आली. पोंभुर्ण्यापलीकडच्या जंगलातल्या गावची, चाळिशीची बाई. तिच्या बचतगटातल्या बायकांनी मिळून एक जुनी पिकअप घेतली होती, आणि तिचा नवरा लच्छू ती चालवत होता. वाळवलेलं मोहफूल आणि गावात विणलेले बांबूचे ताटवे चंद्रपूरच्या बाजारात न्यायचे, असा त्यांचा बेत.

अडचण तिनं साध्या शब्दांत सांगितली. मोहफूल भिजलं की काळं पडतं, वास मारतं, मग व्यापारी हात लावत नाही. वरून ताडपत्री बांधावी तर तिच्यावर ठेवलेल्या ताटव्यांनी ती फाटते. ताटवे आत टाकावे तर ते दहा-दहा फुटांचे; पोत्यांना जागा राहत नाही.

"खाली मालावर पत्र्याचं बंद हुड पाहिजे, भाऊ, अन् त्याच्यावर कॅरियर. दोन्ही पाहिजे."

श्रीहरी रस्त्याच्या या बाजूला ऐकू येईल असा हसला. "दोन्ही नाई होत, बाई. हुडवाली गाडी अलग, कॅरियरवाली अलग. जंगलातून आली अन् मले बॉडी शिकवून राह्यली?"

मीही हसलो. सांगायला लाज वाटते, पण हसलो.

"काऊन नाई होत?" ललिता म्हणाली. "आमच्या घरापुढं मांडव अस्ते. वर धानाच्या तनसाचा ढीग, खाली आमी बसतो. घराच्या कवेलूवर तनीस ठेवते का कोणी? मांडवाचे खांब जमिनीत अस्तेत. तसेच कॅरियरचे खांब गाडीच्या बॉडीले लाव. हुडाले वजनच नोको लागू देऊ."

"पिकअपले मांडव!" श्रीहरीनं माझ्याकडे पाहून हात उडवला. "लगन लावतं का तिचं?"

काम मात्र त्यानं घेतलं. दहा दिवसांचा वायदा होता, महिना लावला. गाडी न्यायला आली तेव्हा ललितानं आधी चाकावर चढून पाहिलं. कॅरियरचे सहाही पाय हुडाच्या पत्र्यावरच वेल्डिंग करून बसवले होते. रंग तेवढा झकास होता.

"भाऊ, पाय तर हुडावरच ठेवले."

"मंग कुठी ठेवू, तुह्या डोक्यावर? पंधरा वर्ष बॉड्या बनवल्या मी. जाय बिनधास्त."

मोह गळायला लागून आठ दिवस झाले होते. घरोघरी पोती भरून पडली होती. वाद घालायला तिला वेळ नव्हता. ती गाडी घेऊन गेली.

तिसऱ्या खेपेला व्हायचं ते झालं. रस्त्यावरच्या एका खड्ड्यात मागचं चाक आपटलं आणि वरच्या ताटव्यांच्या वजनानं कॅरियरचे पाय पत्रा फाडून आत घुसले. त्यातच अवकाळी पाऊस आला. चार पोती मोहफूल चिखलासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी श्रीहरीच्या दारात उभी राहिली. हुड मधोमध खचलं होतं, सुंभ ढिला पडलेल्या खाटेसारखं. श्रीहरीनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि गुन्हेगार शोधायला सुरुवात केली. माल जास्त भरला असेल. लच्छूनं गाडी पळवली असेल. रस्ताच तसा आहे. शेवटी तर म्हणाला, "अन् पावसाचे दिवस नाई, मंग पावसात कायले गेली?"

"पावसासाठीच त हुड केलं होतं, भाऊ," ललिता म्हणाली. तिनं लोखंडाच्या ढिगाशेजारी एक रिकामं पोतं अंथरलं आणि त्यावर बसली. "मी सांगतलं तसं कर. काम होतपर्यंत इथून उठत नाई."

तिनं सुतळीनं मापं घेतली. लच्छूनं पाइप धरले. श्रीहरी कापत होता, जोडत होता आणि तोंडाचा पट्टा सोडत होता: आदिवासी इंजिनिअर आले, आता गाडीवर कोंबड्याही बसवू, वगैरे. येणारा-जाणारा थांबून ऐकायचा, कारण श्रीहरी त्यांच्यासाठीच बोलत होता. अखेर कमला चहा घेऊन बाहेर आली. पहिला कप तिनं ललिताला दिला.

"एवढा येळ बोलून राह्यले," ती नवऱ्याला म्हणाली, "तेवढ्यात दोन खांब झाले अस्ते."

चार वाजता काम संपलं. हुड ठोकून सरळ केलेलं, फाटलेल्या जागी नवा पत्रा. दोन्ही बाजूंना तीन-तीन चौकोनी पाइपांचे खांब, खाली गाडीच्या बॉडीला नटबोल्टनं आवळलेले. त्यांच्यावर कॅरियर. कॅरियर आणि हुड यांच्यात दोन बोटांची फट. ललिता वर चढली. लच्छूला बोलावलं, मग मला. आम्ही तिघांनी वर उभं राहून जोरात अंग हलवलं. श्रीहरीनं त्या फटीत हात घातला. पत्रा कुठंही दबला नव्हता. मग हात काढून म्हणाला, "मी त आधीच म्हणत होतो."

ललिता खाली उतरली. "अन् भिजलेल्या पोत्यांचं काय, भाऊ?"

श्रीहरीनं ग्राइंडर सुरू केला. कापायला हातात काही नव्हतं, तरी चालू ठेवला, ती गाडीत बसून निघेपर्यंत.

दिवाळीपर्यंत त्यानं तसली सहा हुडं केली. एक मूल गावच्या बिछायतवाल्याचं: खाली गाद्या, वर मंडपाचे बल्ले. एक दूधवाल्याचं. दुकानावर नवा बोर्ड लागला, ‘भोयर डबल मॉडेल’. गिऱ्हाइकाला तो सांगतो की जंगलातली एक बाई रडत आली होती, तिच्यासाठी त्यानं डोकं चालवून हे काढलं. रडत. मी समोरच होतो.

ललिताची गाडी आठवड्यातून एकदा इथून जाते. हवा भरायला ती माझ्याकडे थांबते, समोर बघत नाही. मी एकदा विचारलं, "बोर्ड पाहिला का, बाई?"

"पाहिला," ती म्हणाली. "त्याले म्हणा, आमचे चार पोते बी लिही त्याच्यावर."

गेल्या महिन्यात आरमोरीचा एक पिकअपवाला माझ्याकडे टायर काढायला थांबला होता. बोर्डाकडे पाहून म्हणाला, "हे मॉडेल कोणी काढलं, भाऊ?" मी म्हटलं, "पोंभुर्ण्याकडची ललिता मडावी. या माणसानं तिचं ऐकलं नाई म्हणून आधी तिचं मोहफूल भिजलं." हळू बोलायची मला सवय नाही. श्रीहरी दारातच उभा होता.

तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. त्याच्या स्कूटरचा मागचा टायर कुठंतरी गळतो. दर तिसऱ्या दिवशी तो ती माझ्या दुकानासमोरून ढकलत, भर उन्हात, बसस्टँडपर्यंत नेतो हवा भरायला.